अर्धी चाल सिनेमाची

चौथीत शाळा सुटली आणि तिशीत मी खानदेशातून या मुलखात आलो. सातारा-सांगलीकडच्या तमाशाच्या फडांना गाणी लिहून देऊ लागलो. वीस वर्षं लोकांनी माझ्या लावण्या डोक्यावर घेतल्या, ते उपकार मी विसरलेलो नाही. पण दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत गावोगाव सिनेमाचे तंबू लागले आणि लावणी सुरू झाली की पोरं ओरडायची, "सिनेमातलं म्हना!"

आमचा फडमालक वाईट माणूस नव्हता. कुंडलच्या जत्रेआधी तो म्हणाला, "मास्तर, सिनेमाच्या चालीवर एक गानं द्या. न्हाई जमलं, तर मला दुसरा कवी बघाया लागंल."

पन्नाशीला आलेला मी. जाणार कुठं? खानदेशात आता दार उघडणारं कुणी नव्हतं.

चाल आणायला फडातला पेटीवाला सांगलीला गेला. सिनेमा बघायचा, चाल कानात भरून आणायची आणि मी तिच्यात शब्द बसवायचे, अशी रीत. दुसऱ्या दिवशी त्यानं वाजवून दाखवली. मुखडा चटपटीत, अंतरा संथ, गोड. मी शब्द लिहिले आणि देवाला हात जोडले.

कुंडलला सकाळी हजेरी होती, म्हणजे जत्रेतला दिवसाउजेडीचा खेळ. फडातल्या गाणाऱ्या बाईंनी गाणं उचललं. मुखड्यालाच टोप्या उडाल्या. अंतरा सुरू झाला तसा रजेवर आलेला एक फौजी उठून उभा राहिला.

"ओ, ही चाल सिनेमात न्हाई! म्या तीनदा बघितलाय!"

पेटीवाला मान खाली घालून वाजवतच होता. तेवढ्यात मागून एक पागोटेवाला गरजला, "बस की रं खाली! माज्या आयची जात्यावरची चाल हाय ती!"

"माज्या बी!" शेजारचा म्हणाला.

फौजी खाली बसला. दुसऱ्या अंतऱ्याला सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच.

खेळ सुटल्यावर पेटीवाला माझ्यापुढं आला. "मास्तर, शिव्या घाला. मुखडा ऐकला आन् माझा डोळा लागला. अंतरा आयचा घातला." आमच्या खानदेशात बाया निराळ्या चालीवर दळतात, म्हणून मला ते कळलंच नव्हतं. शिव्या कसल्या घालणार? त्याच्या झोपेनं माझी भाकरी वाचवली होती.

फडमालक जाता जाता म्हणाला, "शिरवळच्या खेळाला असलंच नवं पायजे. तुमीच लिवायचं."

पुढच्या सोमवारी पेटीवाला आणि मी तासगावजवळ त्याच्या आईकडे गेलो. आणखी चाली सांगा म्हटल्यावर ती हसली. "आवं, नुसतं बसून कसं म्हनू? हात फिरल्याबिगर मला चाल येत न्हाई." तिनं ज्वारीचं सूप पुढं ओढलं. जात्याच्या खुंट्याला मी हात लावला, पेटीवाला दारात सूर धरून बसला. तिसऱ्या ओवीला माझ्या तळहाताला फोड आला, पण सूप रिकामं होईपर्यंत मी उठलो नाही.