सुरमईचा वास

आज पाचूबंदरला जाऊन मी सुरमई विकत आणली. हो, विकत! ज्या घरात जन्मभर आपल्याच होडीची मासळी शिजली, त्या घरात.

कापताना वास आला आणि मस्कतचा मासळीबाजार आठवला. होडी विकून आम्ही दोघं लेकाकडे कायमचे राहायला गेलो होतो. लेकाने कौतुकाने बाजार दाखवला. चकचकीत फरशी, ओळीने मांडलेली मासळी. ह्यांनी एक सुरमई उचलली, कल्ला उघडून पाहिला आणि हळूच परत ठेवली.

"ताजी हाय. पन आपून मासा इकत घेवाचा?"

"मग काय, समुद्रात उडी मारता?" मी हसले. लेकही हसला आणि त्याने ती घेतली.

घरी आल्यावर हे हातच धुवेनात.

"अवो, धुवा की! सुनेच्या सोफ्याला वास लागंल."

"ऱ्हाऊ दे गो," म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत हात नाकाशी धरून खिडकीत बसले. मला आपलं म्हातारपणाचं खूळ वाटलं.

पुढे ते तिथे मस्कतमध्येच वारले. मी एकटी परतले.

सुरमई कापून कधीची झाली आहे. नळ समोरच आहे, पण हात धुवावासा वाटत नाही.