नलूने सगळं उतरवून घेतलं

आमच्या जुन्या टायपिंग-शॉर्टहँड क्लासमधल्या मुलींचा फोनवर एक ग्रुप आहे. मुली म्हणायचं आपलं, सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी त्यावर नलूचा फोटो आला. निळी साडी, केसांत अबोली, हसरा चेहरा. मी चष्मा न लावताच वाढदिवस समजून केकचं चित्र टाकलं, वर ‘जियो नलूबाई’ असंही लिहिलं. मग चष्मा लावून खालचं वाचलं... आदल्या दुपारी हृदयविकाराचा झटका, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलेलं, अकरा वाजता चारकोपच्या घरून नेणार. केक पुसून टाकला, पण तोवर चारचौघींनी पाहिला होता. अशी मी, समोर काय लिहिलंय ते न वाचता बोलून मोकळी होणारी. नलूचं नेमकं उलटं. समोरच्याचा एक शब्दही ती खाली सांडू द्यायची नाही.

आमची ओळख बोरिवलीतल्या त्या क्लासमधली. शॉर्टहँड म्हणजे रेघा, टिंबं आणि आकड्या. माणूस बोलेल त्या वेगाने कागदावर उतरवायचं आणि नंतर टाइप करायचं. सर भराभर मजकूर सांगायचे आणि आम्ही अडखळलो की ओरडायचे, “हात चालू द्या, डोकं मध्ये आणू नका!” कारण अर्थ लावत बसलं की पुढचं वाक्य निसटतं. हे नलूला जसं साधलं तसं आमच्यापैकी कुणालाच साधलं नाही. पुढे मी सरकारी कार्यालयात चिकटले आणि ती अंधेरीच्या एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत साहेबांची स्टेनो झाली. अठ्ठावीस वर्षं एकच साहेब. “नलिनीबाई, मागच्या वर्षी मी त्या पार्टीला नक्की काय म्हणालो होतो?” असं त्यांनी विचारायचं आणि हिने जुनी वही काढून त्यांचंच बोलणं त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवायचं. याचा तिला फार अभिमान होता, आणि असायलाच हवा होता.

साहेब थकले, कारभार त्यांच्या मुलीकडे गेला. मुलगी चांगली होती, उगाच कशाला तिला नावं ठेवू. पण ती पत्रं फोनशी बोलून तयार करायची, स्टेनो तिला कशाला लागणार? तिने नलूला सांगितलं, “आंटी, मालाचे रिपोर्ट कॉम्प्युटरवर करायला शिका. तीन महिने घ्या. ऑनलाइन व्हिडिओ आहेत ना, सगळं फुकट आहे.” तीन महिन्यांनी एक फाइल देणार, तिचा रिपोर्ट नलूने एकटीने करून दाखवायचा, जमलं तर नोकरी राहणार. नलूचे यजमान अनंतराव अर्धांगवायूने घरात बसलेले, मूलबाळ नाही. नोकरी राहणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

एका रविवारी मी तिच्याकडे गेले तर जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून फोन उभा, आणि नलू वहीवर वाकलेली. कुणी तरुण मास्तर हिंदीत शिकवत होता आणि ही सपासप शॉर्टहँड घेत होती. मी वही ओढून वाचली. ‘नमस्कार दोस्तों’पासून ‘घंटी का बटन दबाना मत भूलिए’पर्यंत एक अक्षर गाळलेलं नव्हतं. मी पोट धरून हसले.

“अगं, ही घंटी कशाला उतरवलीस?”

“तो बोलला ना.”

“आणि हे काय? ‘यहाँ क्लिक कीजिए, फिर यहाँ.’ यहाँ म्हणजे कुठे?”

“व्हिडिओत दिसतं की.”

“मग वहीचा उपयोग काय, यार?”

मग मी शहाणपण शिकवलं. थोडं बघ, व्हिडिओ बंद कर, स्वतःच्या हाताने करून बघ आणि मगच लिही, तेही स्वतःच्या शब्दांत दोन ओळी. काय केलं आणि काय कळलं नाही, एवढंच. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा मी असंच शिकले होते. नलूने मान डोलावली. निघताना लक्षात आलं, माझं हे सगळं बोलणंही तिने शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं होतं...

तिला ते जमेना. “स्वतःचे शब्द कुठून आणू गं? इतकी वर्षं साहेबांचेच लिहिले,” असं एकदा म्हणाली आणि हसली. मला तेव्हा हसू आलं नाही, चीड आली. मग तिचे फोन सुरू झाले. एकच अडचण तीनतीनदा विचारायची. शेवटचा फोन तारखांचा होता. पाच मार्च लिहिलं की कॉम्प्युटर ते तीन मे समजतो आणि सगळी यादी उलटीपालटी होते, असं काहीतरी सांगत होती. माझ्याकडे पाहुणे यायचे होते. मी म्हटलं, “नलू, तुझ्याच्याने हे होणार नाही. सोड ना आता.” ती “बरं” म्हणाली. त्यानंतर तिने मला कधीही काही विचारलं नाही. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

तीन महिने संपल्यावर तिचा फोन आला. “नाही जमलं गं.” मी काय म्हणावं? “मी सांगत होते ना, पोपटपंची करू नकोस.” ती पुन्हा “बरं” म्हणाली. पुढे वर्षभर कामासाठी फिरली. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, मालाडला, कांदिवलीला. “वय विचारतात आणि चहा पाजतात,” म्हणायची. व्हिडिओ मात्र रोज बघायची. मला वाटे, वेळ घालवतेय बिचारी.

तेराव्यानंतर अनंतरावांनी माझ्यापुढे एक पिशवी सरकवली. जीभ जड झालेली, तरी नीट बोलले. “विजूताई, या वह्या कुणालाच वाचता येत नाहीत. रद्दीत टाकायच्या आधी तुम्ही बघा.”

घरी आणून वाचायला बसले. पहिल्या पाच वह्या मी ओळखत होते, घंटीसकट. सहावी माझ्या त्या ‘सोड ना’च्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. तिच्यातला हात नलूचा वाटतच नाही. रेघा तुटक, खाडाखोड, अर्धी वाक्यं. पण वाक्यं तिची. ‘आज बेरीज आपोआप आली.’ ‘फिल्टर म्हणजे निवडणं. तांदळातले खडे लपतात, टाकून द्यायचे नाहीत, परत लागतात.’ मी इतकी वर्षं फिल्टर वापरला, मला असं कधी सांगता आलं नसतं. ती शिकली होती. माझ्यावाचून, एकटीने, स्वतःच्या शब्दांत शिकली होती.

आणि रिपोर्ट करून दाखवायचा होता त्या दिवसाचं पान. ‘बेरीज झाली. फिल्टर झाला. तारखा उलट्या लागल्या. तिथेच थांबले. मॅडम अर्धा तास थांबल्या, मग त्यांनीच केलं.’

तारखांची पद्धत बदलायची एक सेटिंग असते. मला ती ठाऊक होती. त्या दिवशी फोनवर सांगायला दोन मिनिटं लागली नसती. आता ती कुणाला सांगू?

पुढच्या सगळ्या वह्यांत, काम मिळणार नाही हे कळल्यानंतरच्यासुद्धा, दर काही पानांनी तोच मजकूर येतो. ‘तारखा कळल्या नाहीत. विजूला विचारायचं.’ शेवटच्या वहीतलं शेवटचं लिखाणही तेच, ती गेली त्याच्या आदल्या दिवशीचं. विचारायचं धाडस तिला झालं नाही, ते मीच मोडलं होतं. पण प्रत्येक ठिकाणी त्या वाक्याखाली तिने चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत... मी सांगेन ते उतरवून घ्यायला.