चार अंशांवर ठेवायचं होतं

शीतपेटीला डोक्याकडच्या बाजूला एक छोटी पट्टी असते. तिच्यावर लाल आकडा दिसतो. आकड्याखाली दोन बटणं असतात, एक आकडा वर न्यायला, एक खाली आणायला. माझ्या वडिलांचं शेवटचं म्हणणं पाळलं जाणार की नाही, हे त्या दोन बटणांवर येऊन ठेपलं होतं.

आप्पा मे महिन्यात, भर दुपारी मेले. जेवून मोरीत हात धुवायला बसले ते उठलेच नाहीत. 'स्वर्गवासी', 'देवाज्ञा' हे शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातून खोडले, म्हणून मीही साधं 'मेले' लिहिते. शिवाजी पेठेतल्या एका छापखान्यात ते मशीनवर होते. मालकाचं काम संपलं की उरलेल्या कागदावर स्वतःची पत्रकं छापायची आणि पिशवीत भरून गडमुडशिंगीला घरी आणायची, हा त्यांचा शिरस्ता. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. हुंडा, बुवाबाजी, गटारात उतरवली जाणारी माणसं. इतर पोरींना घरी गोष्टी सांगितल्या जायच्या, मला मागण्या सांगितल्या गेल्या.

शेवटी शेवटी त्यांचा एकच विषय उरला होता. मेल्यावर देह जाळू नका, वैद्यकीय कॉलेजला द्या. आमच्या लोकांना हजारो वर्षं कुणी शिवलं नाही, आता माझ्या शरीराला हात लावून कुणीतरी डॉक्टर होऊ दे, असं ते म्हणायचे. त्यांनी स्वतःचा अर्ज भरून ठेवला होता. आईची, दादाची, माझी सही होती. काकांनी सही केली नव्हती. "सख्ख्या भावाला फाडायला देऊ? मी माणूस हाय का कोण हाय?" असं म्हणून ते ताटावरून उठले होते.

मी कॉलेजला फोन केला. शरीररचना विभागातल्या माणसानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आज आणा."

पण आईनं एकच अट घातली होती. "माझं पोरगं आल्याशिवाय ह्यांस्नी द्यायचं न्हाय." दादा आखातात एका कंपनीत क्रेन चालवतो. तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होता.

"मग तुमच्याकडं ठेवता का तोवर?" मी विचारलं.

"आमचं शीतगृह बंद आहे हो, दुरुस्तीला. शीतपेटी मिळाली तर घरी ठेवा. पण चार अंशांच्या आसपास. शून्याच्या खाली अजिबात नेऊ नका. गोठलेली बॉडी आम्हाला चालत नाही, औषध आत शिरत नाही."

ज्या जिल्ह्यात उसाच्या रसाचं यंत्र बिघडलं तर तासाभरात मिस्त्री येतो, तिथं डॉक्टर घडवणाऱ्या कॉलेजचं शीतगृह दुरुस्तीला पडून होतं. हे मी तेव्हा त्याला बोलले नाही. चार हा आकडा तेवढा डोक्यात धरून ठेवला.

पेटी पेठेतल्या एका तालीम मंडळानं पाठवली. आप्पांनी त्या तालमीच्या फुटबॉल सामन्यांची हँडबिलं छापली होती, त्या ओळखीवर. छोट्या टेम्पोतून दोघं जण आले. त्यातल्या दांडग्यानं पेटी जोत्यावर चढवली, वायर ओढली आणि काकांना विचारलं, "पावणं, प्लग कुठाय?"

पेटी गुरगुरायला लागली. त्यानं आकडा उणे पाचवर आणला.

"चारवर ठेवा," मी म्हणाले.

"उणे चार?"

"नुसतं चार."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग काकांकडं. "ताई, चारवर भाजी ठेवत्यात. आमी सगळ्यास्नी उणे पाचच लावतोय. आजवर कुणाची तक्रार न्हाय."

"तक्रार करायला कोण उठतंय?" भिंतीला टेकलेला शेजारचा म्हातारा म्हणाला. एकदोघं हसले आणि लगेच गप्प झाले.

मी कॉलेजचं सांगितलं. दांडग्यानं मान हलवली, आकडा चारवर आणला आणि जाताना काकांना म्हणाला, "उन्हाळा हाय. माझ्याकडनं सांगून झालं."

खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. पेटीला वरून काच असते, तोंड दिसतं. पण आमच्याकडं काचेतून तोंड बघणं म्हणजे बघणं नव्हे. आलेल्या माणसानं पायाला हात लावायचा, गालावरून बोटं फिरवायची, मगच तो येऊन गेला असं धरतात. पांढऱ्या साड्यांतल्या बायका येत होत्या आणि प्रत्येकीसाठी झाकण उघडलं जात होतं. आकडा चारवरून आठ, आठवरून तेरा. झाकण लागलं की पेटी धापा टाकत खाली यायची, तेवढ्यात नवीन रिक्षा दाराशी.

राधानगरीहून आत्ती आली, आप्पांची धाकटी बहीण. तिनं झाकण उघडून घेतलं आणि ती ते लावू देईना.

"आत्ती, झाक आता. गरम होतंय आत."

"होऊ दे. माझा भाऊ काय आईस्क्रीम हाय व्हय?"

शेवटी मी वहीचा कागद फाडला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: झाकण उघडू नये. तापमान चारच ठेवावे. देह कॉलेजला द्यायचा आहे. कागद काचेवर चिकटवला. लोक वाकून वाचायला लागले.

"ह्यांच्यात मेल्यावर बी पत्रक," कुणीतरी म्हणालं. त्यात वाईट हेतू नव्हता. आप्पा असते तर त्यांनाही आवडलं असतं. पण कागदानं तोंड झाकलं जात होतं, म्हणून आईनं तो काढून पायाकडं लावला, आणि पायाकडं बघायला कुणाला वेळ नव्हता.

संध्याकाळी बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. काका सारखे पेटीजवळ जाऊन वास घेत होते. जाताना उदबत्ती लावायचे, परत येऊन वास घ्यायचे. आकडा अकरावर दिसला की त्यांचा चेहरा उतरायचा. धाकटा भाऊ म्हणून आप्पांनीच त्यांना शिकवलं होतं, नोकरीला चिकटवलं होतं. आप्पांच्या एकाही मताशी त्यांचं पटलं नाही आणि एकही दिवस त्यांना भेटल्याशिवाय गेला नाही.

"तुझं चार मला बरं वाटंना," ते म्हणाले. "उद्या पोरगा येणार. त्यानं बापाचं काळं पडलेलं तोंड बघायचं?"

"काळं पडणार नाही. झाकण बंद ठेवलं तर चार पुरतंय."

"बंद ऱ्हातंय का?"

मी त्यांना पुन्हा सांगितलं की गोठलं तर कॉलेज घेणार नाही. ते "व्हय, व्हय" म्हणाले. रात्री मी बसतो, तू जरा पड, असंही म्हणाले.

सकाळी उठून आले तर काच पांढरी झाली होती. आकडा उणे नऊ. त्याखाली तो जातच नसावा. काका पेटीशेजारी खुर्चीत बसले होते, चेहऱ्यावर काम नीट पार पाडलेल्या माणसाचं समाधान.

मी हातानं काच पुसली. आतून पुसता येत नव्हती. आप्पांच्या भुवयांवर बारीक बर्फ साचलं होतं.

"काय केलंसा हे काका?"

"काय केलं? टिकवला. आता तुझा बाप कुठं जात न्हाय."

"तुम्हाला सांगितलं होतं की."

"थोडं जास्त गार झालं, एवढंच की. कॉलेजात कुठं शेकोटी पेटवत्यात? तिथं बी गारच ठेवणार. मटण न्हाय का, जेवढं गार तेवढं..." आणि ते थांबले. आपण कशाशी तुलना केली ते त्यांच्याच कानावर पडलं असावं.

ते खोटं बोलत नव्हते. गार म्हणजे चांगलं, जास्त गार म्हणजे जास्त चांगलं, एवढाच त्यांचा हिशोब. सहीला विरोध केला तसा उघड विरोध करून त्यांनी हे केलं असतं तर मला भांडता आलं असतं. मायेनं केलेल्या गोष्टीशी भांडायला मला कुठल्याही पत्रकानं शिकवलं नव्हतं. मी बटण दाबत आकडा चारवर आणला. पेटी गप्प झाली. बर्फ वितळायची वाट बघणं एवढंच हातात होतं.

दादा दुपारी आला, बॅग खांद्यावरच. झाकण उघडलं. तो आप्पांचा हात उचलायला गेला आणि हात उचललाच गेला नाही. अंगाला चिकटलेला, लाकडासारखा. दादानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याला दुसऱ्याच कुणाच्या घरी आणलंय. आईनं पदर तोंडात धरला. काका मागं उभे होते, त्यांनी ते सगळं बघितलं.

आम्ही तशीच गाडी काढली. कॉलेजच्या मागच्या दाराशी एक तरुण डॉक्टरीण आली, माझ्याच वयाची. तिनं चादर बाजूला केली, मांडीवर अंगठा दाबला, मग पोटावर. फार वेळ लावला नाही.

"वरून सुटलंय, आत अजून गोठलेलं आहे," ती म्हणाली. "आतलं सुटेपर्यंत वरचं खराब होईल. आम्हाला नाही घेता येणार. सॉरी."

मी शीतगृहाचं काढलं. तुमचं यंत्र बंद नसतं तर हा माणूस काल इथं असता, म्हणाले. आवाज चढला. ती खाली बघत म्हणाली, "खरं आहे तुमचं." त्यानं काही बदललं नाही.

तेवढ्यात काका पुढं आले. त्यांनी टोपी काढली आणि हात जोडले. "मॅडम, घ्या की त्याला. चूक माझी हाय. बटण मी दाबलंय. त्याची कायबी चूक न्हाय."

"काका, तसं नसतं हो ते."

"हात तेवढा तरी घ्या. पाय घ्या. पोरं शिकतील तेवढ्यावर." सही नको म्हणून ताटावरून उठलेला माणूस भावाला फाडा म्हणून विनवत होता. "लई मनात हुतं त्याच्या."

डॉक्टरणीनं चादर परत वर ओढली, नीट, कडेनं खोचून. दादानं काकांना धरून गाडीत बसवलं.

तिथून सरळ स्मशानात गेलो. आप्पा नको म्हणाले होते तिथंच. शेणाच्या वाळल्या शेणी रचल्या, वर त्यांना ठेवलं. आतलं बर्फ सुटायला लागलं होतं. कानांतून, केसांतून पाणी ओघळून खालच्या शेणी भिजत होत्या. काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आप्पांचं तोंड पुसायला लागले. पुसलं की पुन्हा यायचं.

"पावणं, ऱ्हाऊ दे," शेणी लावणारा म्हणाला. "आगीनं वाळंल. कडंच्या कोरड्या हायत, धरतील."

काका पुसतच राहिले. टॉवेल पिळायचे आणि परत कानामागं न्यायचे. दादानं पेटता टेंभा हातात घेतला होता, आणि तो काका बाजूला व्हायची वाट बघत उभा होता.