यादवजींचा कोट उघडेल असं सॉफ्टवेअर

सरकारी कारखान्यात फाइल हरवते, किस्सा हरवत नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना तो थोडा जाडही होतो. माझ्या टेबलावरून गेला तर जरा जास्तच. तेव्हा ऐकताना थोडं वजन तुम्हीच कमी करून घ्या.

भोपाळच्या आमच्या कारखान्यात प्रसिद्धी विभागात बोकडेसाहेब फोटो काढायचे आणि मी फोटोखाली नावं लिहायचो. साहेब मूळचे वर्ध्याचे. टाउनशिपच्या क्लबात रिटायर झालेल्या प्रत्येकाचा फोटो लागतो आणि प्रत्येकाच्या अंगात कोट असतो. एकच कोट. वेल्डर यादवजींनी लग्नात शिवलेला. साहेबांनी फार पूर्वी त्याचा फोटो काढून कॉम्प्युटरात ठेवला होता. हेल्पर असो की जनरल मॅनेजर, धड तेच, फक्त डोकं बदलायचं.

एकदा टाउनशिपमध्येच एक सोयरीक जुळत होती. दोन्हीकडचे वडील रिटायर. मुलीच्या आजीने आपला मुलगा दिनकर आणि होणारे व्याही, दोघांचे फोटो शेजारी ठेवून नीट पाहिले. म्हणाली, "स्थळ बरं आहे. पण व्याही आपल्या दिनकरचा कोट परत कधी करणार, ते आधी विचारा."

*

मग नवे कॉम्प्युटर आले, जुने भंगारात गेले. साहेबांचा फोटोचा आवडता प्रोग्राम नव्यावर चालेना आणि कोटाची फाइल दुसऱ्या कशातही उघडेना. मेअखेरीस अकरा जण रिटायर होणार होते. अकरावे स्वतः बोकडेसाहेब. हाताशी तीन महिने. साहेबांनी थेट प्रोग्रामवाल्या कंपनीला फोन लावला.

"सर, वो प्रॉडक्ट बंद हो गया है."

"बंद हो गया मतलब? हमारा कोट अंदर है."

"कौनसा कोट, सर?"

"यादवजी का."

पलीकडून फोन ठेवला गेला.

मी म्हटलं, क्लबातल्या एखाद्या जुन्या फोटोवरून कापून घेऊ. साहेब म्हणाले, "रिटायर माणसाच्या अंगातून कोट उतरवू?"

"मग दुसरा कुठला तरी घ्या."

"त्या भिंतीवर साहेब कोण आन् हेल्पर कोण, आजवर कोणाला कळलं का? मग आमीच अकरा जण येगळे कायले दिसाचे?" साहेब चिडले की वर्धा बाहेर यायचं.

*

बिट्टन मार्केटचा एक दुकानदार लॅपटॉप घेऊन आला. त्याचं सॉफ्टवेअर म्हणे सगळं आपोआप करतं. नमुन्याला भट्टीवरच्या शर्माजींचा फोटो दिला. एका बटणात सुरकुत्या गेल्या, भुवईवरचा भाजल्याचा डाग गेला, केस काळे झाले. शर्माजी बाजूलाच उभे होते. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "बढ़िया है. पर ये तो मेरा दामाद है."

साहेबांनी दुकानदाराला विचारलं, "इनका दाग वापस आएगा?"

"दाग क्यों चाहिए, सर?"

"भट्टी पे लगा है, ब्यूटी पार्लर में नहीं. कोट खुलेगा?"

"नहीं, सर."

"नेक्स्ट."

असे सात नेक्स्ट झाले.

*

शेवटी साहेब म्हणाले, रीतसर खरेदी करू. खरेदी विभागाने लेखी मागणी मागितली. साहेबांनी एका ओळीत दिली: 'यादवजींचा कोट उघडून प्रत्येकाला नीट बसला पाहिजे.'

पंधरा दिवसांनी गोविंदपुऱ्याहून एक टेलर गळ्यात टेप टाकून हजर. हातात खरेदी विभागाचं पत्र. "नाप किसका लेना है?"

मला वाटलं, आता साहेब त्याच्या अंगावर जाणार. साहेबांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "सात सॉफ्टवेअरवाल्यांपेक्षा ह्याला काम जास्त कळलं."

*

टेलरची गोष्ट अर्थातच टाउनशिपभर झाली आणि फिरत फिरत मिसरोदला पोचली. यादवजी रिटायर होऊन तिथेच राहतात. मे संपायला चार दिवस असताना स्कूटरवरून आले. डिकीतून पिशवी काढली, पिशवीतून कोट.

"बोकडेजी, तीन महीने से कोट ढूँढ़ रहे हो. मुझसे क्यों नहीं पूछा?"



साहेबांनी कोट खुर्चीवर चढवला, चारी बाजूंनी फोटो काढले आणि कुठेही उघडतील असे चार ठिकाणी ठेवले. मग जे सॉफ्टवेअर सर्वांत सोपं होतं ते घेतलं आणि दहा जणांना कोट चढवला. शर्माजींच्या डागासकट. अकराव्या वेळी कॉम्प्युटर बंद केला, यादवजींचा खरा कोट स्वतः घातला, वरचं बटण लावलं, कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दाब."

क्लबात अकरा फोटो लागले. लोक चष्मे पुसून बघत होते. बोकडेवहिनी एकेका फोटोपुढे थांबत शेवटच्या फोटोशी आल्या. जवळ जाऊन कॉलर पाहिली, बाही पाहिली, मग नवऱ्याकडे वळल्या.

"आयुष्यभर अख्ख्या कारखान्याला कोट चढवला तुम्ही. स्वतःचाच तेवढा चिकटवल्यासारखा दिसतोय."