जोड चुकलेलं रीळ

जळकोटचे गुरुसिद्धप्पा अण्णा जत्रेतल्या तंबू टॉकीजचे ऑपरेटर होते. तंबू कधीच उठले, पण साठी उलटलेला हा माणूस अजून रुबाबात सांगायचा, "तीन तासांचा पिच्चर कापून-जोडून दोन तासांत बसवायचो म्या. पब्लिकला पत्ता न्हाय लागायचा."

ते नऊ वर्षांपासून एचआयव्हीचे रुग्ण होते आणि मी त्याच विषाणूवर संशोधन करणारी तेर गावची विद्यार्थिनी. माझ्या अभ्यासासाठी त्यांनी आनंदानं रक्त दिलं. गोळ्या रोज घ्यायचे, पण घरी मुलाला-सुनेला काही ठाऊक नव्हतं. बाटली रिळाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात लपवलेली असायची. "चोरावानी गिळतो गं, गौरी," म्हणायचे.

त्यांच्या विषाणूत मला एक बिघाड सापडला आणि मी हुरळून गेले. त्यांना समजेल असं सांगायला बसले. अण्णा, हा विषाणू पेशीत शिरून स्वतःचा एक लांबलचक संदेश तयार करवून घेतो, त्याला आरएनए म्हणतात. तो निरनिराळ्या ठिकाणी कापून जोडला की त्यातून निरनिराळी प्रथिनं बनतात. कुठं कापायचं याच्या खुणा संदेशातच असतात. तुमच्या विषाणूत एक खूण बिघडली आहे. जोड चुकतो, प्रथिनं कमी पडतात, म्हणून तो लंगडा झालाय.

"म्हंजे त्येचा पिच्चर मधीच तुटतोय!" अण्णा खूश झाले. मीही खूश झाले. गोळ्या मात्र सोडू नका, एवढं एक वाक्य मी बोलले नाही. त्यात काय सांगायचं, असं वाटलं. मोठी शहाणी ना मी!

सात महिन्यांनी त्यांना स्ट्रेचरवर आणलं. क्षयानं छाती पोखरली होती. पुन्हा रक्त तपासलं. जुनी खूण बिघडलेलीच होती; पण गोळ्या थांबल्यावर विषाणूच्या असंख्य नकला झाल्या आणि त्यातल्या एकीत, शेजारीच, नवी खूण तयार झाली होती. तिथं कापून तो पुन्हा जोमानं वाढत होता.

मी हे अण्णांना सांगितलं. "खराब जागा सोडून म्या बी दुसरीकडं जोड मारायचो की," ते म्हणाले. "हे माझ्या ध्यानात कसं आलं न्हाय?"

तेवढ्यात त्यांचा मुलगा महारुद्र रिळाचा तो डबा घेऊन आला. डॉक्टरांनी त्याला आजार सांगितला होता. डब्यात सात बाटल्या होत्या, एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं.

"गोळ्या बंद करा म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला, अण्णा?" त्यानं रडतच विचारलं.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"कुणी न्हाय रं. माझंच डोकं फिरलं."

मीही महारुद्रला खरं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. महारुद्र अजून मला फोन करतो, वडिलांसाठी लई केलंत म्हणतो, आणि मी ऐकून घेते.