एका आढ्याखाली

आमच्या लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या घरात आजही कुणी विचारलं, की वन्सं कशानं गेल्या, तर एकच उत्तर मिळतं. "सशानं खाल्ली तिला." विचारणारा आधी हसतो, मग सांगणाऱ्याचं तोंड बघून हसू आवरतो. ससा माझा होता. ससा कसला, मादी होती ती, मी तिला ससुली म्हणायचे. त्यामुळे हे उत्तर फिरून फिरून माझ्याच पदरात पडतं, आणि इतकी वर्षं झाली तरी ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

जर्मनांशी झालेली पहिली लढाई संपून काही वर्षं लोटली होती. घरची भातशेती होतीच, शिवाय माझे सासरे, मामंजी, लोणावळ्याला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करायचे. मी कामशेतच्या दुकानदाराची लेक. मला शिवण यायचं, म्हणून पडदे-अभ्रे शिवायला मडम मला अधूनमधून बोलवून घ्यायची. तिनं विलायतेहून बोटीत घालून सशांची जोडी आणली होती. त्या जातीला ती चिंचिला म्हणायची. आपल्या रानातल्या सशासारखा तांबूस रंग नाही, चुलीतल्या राखेचा रंग. अंगावर फुंकर मारली की केस बाजूला होऊन आतले पदर दिसायचे, बुडाशी निळसर, मग पांढरा, मग काळा. मडम म्हणे त्या केसांसाठी विलायतेत लोक वेडे होतात. मी शिवण सोडून फुंकरा मारत बसायचे.

साहेबाची बदली झाली, बंगल्याला कुलूप लागायची वेळ आली. नर कुणा साहेबाच्या मित्राकडे गेला. मादी मडमेनं माझ्या ओटीत घातली आणि खानसाम्याकरवी सांगितलं, "बहुतेक गाभण आहे. ओला पाला देऊ नको. पोट दाबू नको." या 'बहुतेक'नं पुढं माझा संसार नासवला.

त्याच सुमाराला माझी नणंद बाळंतपणाला माहेरी आली. माझ्याहून वर्षाभरानं लहान, पण मानानं वन्सं. तिचं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं. सासरच्यांनी निरोप धाडला होता, की या खेपेला बाळ मांडीवर घेऊन आलीस तरच ये. म्हणजे बघा, काय टांगणीला लागलं होतं ते. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, रात्रंदिवस तोच घोर. लेकीचं हे बाळंतपण नीट पार पडायला हवं. तेवढं मी त्यांचं मान्य करते. त्यांची लेकीवर माया नव्हती असं मी कधीच म्हटलं नाही.

वन्संचा माझ्यावर जीव, आणि ससुलीवर त्याहून जास्त. मी कोंबड्या झाकायच्या डाल्याखालून ससुली काढायची आणि वन्सं तिला मांडीवर घेऊन बांबूची सुकवलेली पानं एकेक करून भरवायची. "वयनी, हिला डोहाळे कसले लागत आसतील गं?" मी म्हणायची, "विलायती आहे, बिस्किटाचे लागले असतील." आम्ही दोघी खिदळायचो. त्या पावसाळ्यात त्या घरात हसणं म्हणून जे काही झालं, ते तेवढंच.

आत्याबाईंच्या कानावर 'बहुतेक' गेलं आणि सगळं बिनसलं. आमच्याकडं एक समज होता. एका आढ्याखाली दोघींची बाळंतपणं होऊ द्यायची नाहीत. आढं म्हणजे छपराचं मधलं मोठं लाकूड. त्याच्याखाली दोघी गरवार असल्या, तर एकीचं वाईट होऊन दुसरी तरते म्हणे. दोन जावांना एकदम दिवस राहिले तर एकीला माहेरी धाडायचे, इतका तो समज पक्का.

"आत्याबाई, गोठ्यात गाय गाभण आहे, तिचं काय?" मी विचारलं.

"गाय लक्षुमी हाय. ह्ये काय हाय? विलायती उंदीर!"

आता गाभण आहे की नाही, हे ठरवायला कोण? तर गावची सुईण. खरंच सांगते, सुईणीला बोलावणं गेलं. ओसरीत बसून तिनं बोटांना तेल-हळद लावली, ससुलीला मांडीवर उताणी घेतली आणि डोळे मिटून तिचं पोट चाचपलं. चांगलं घटकाभर चाचपलं. मी ओरडत होते, "दाबू नका, दाबू नका." हातभर अंतरावर वन्सं पाय पसरून बसली होती. तिच्याकडं सुईणीनं ढुंकूनही पाहिलं नाही, कारण कळा लागल्याशिवाय बाईच्या पोटाला हात लावायचा नाही ही तिची रीत.

"हाताला लागतंय बी, न्हाई बी," सुईण म्हणाली आणि तांदूळ पदरात बांधून गेली.

वन्सं हसत मला म्हणाली, "वयनी, हिला तरी बगितलं. माजं कोन बगतंय?"

ती हसण्यावारी बोलली होती. पण मी मात्र तेव्हा तिचे पाय बघत होते. घोट्याची हाडं दिसेनाशी झाली होती. जोडवी बोटात रुतून कातडी लाल झाली होती, काढता येत नव्हती. डोकं दुखतं म्हणून सकाळपासून फडकं बांधून बसायची. चुलीपुढं वाकली की डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणायची. मी आत्याबाईंना म्हटलं, टेसनाजवळच्या दवाखान्यात दाखवून आणू. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पायावर पानी उतरलं म्हंजे पोरगा हाय. बाप्या डागदरापुढं माज्या लेकीला नागवी करतीस व्हय? बाजारात वाढलेली तू, तुला काय कळतंय!"

आणि पायांचं तिथंच राहिलं. ससुलीचं मात्र रोज काहीतरी निघायचं. आधी डालं माजघरातून ओसरीत आलं. मग गोठ्यात गेलं. मग शेजारणीनं दाखवून दिलं, की गोठ्यावर आलंय तेही त्याच आढ्याचं लाकूड. झालं! आत्याबाईंनी जेवण सोडलं. शेवटी ठरलं, की ससा बंगल्यावर नेऊन मागच्या मोकळ्या खोलीत ठेवायचा. किल्ली मामंजींकडंच होती.

भादव्यातला पाऊस धो धो पडत होता. वाटेवर चिखल इतका, की बैल जुंपायचं मामंजींच्या जिवावर आलं होतं. तरी त्यांनी गाडी जुंपली. डाल्यावर घोंगडी घातली, वर ताडपत्री टाकली. जपून, हिसके बसू नयेत म्हणून खाली पेंढा. मी गाडीत डालं धरून बसले. लोणावळ्यात शिरल्यावर गाडी त्याच दवाखान्याच्या दारावरून जाते. डॉक्टर व्हरांड्यात उभा होता, मला अजून दिसतोय. मी म्हटलं, "मामंजी, जरा थांबवा की."

"कुनाला दाखवायचं? सशाला?"

"वन्संच्या पायांचं नुसतं विचारते."

"बाईमानसानं बाप्याला आसलं इचारायचं? घरी कळलं तर तुजी सासू मला उभ्यानं सोलंल." आणि त्यांनी बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

माणूस वाईट नव्हता. भित्रा होता. भित्र्या माणसांनी केलेलं नुकसान कुणी मोजत नाही, म्हणून मी हे मुद्दाम सांगते आहे. पोटुशी बाई घरात पाय सुजवून बसली होती, आणि गाडी, बैल, पेंढा, घोंगडी सगळं निघालं होतं सशासाठी.

पुढं मी एक दिवसाआड चालत बंगल्यावर जायची. वाळका पाला पदराखाली झाकून न्यायचा, डालं झाडायचं, पाणी बदलायचं. एका सकाळी गेले तर खोलीच्या कोपऱ्यात ससुलीनं पेंढा गोळा केला होता आणि छातीचे केस दातांनी उपटून त्यावर गादी केली होती. तोंडात केसांचा पुंजका धरून ती माझ्याकडं बघत होती. मला इतका आनंद झाला! वन्संला कधी सांगते असं झालं. घरटं केलं म्हणजे पिल्लं होणार, आणि पिल्लं झाली की हा वनवास संपून ससुली घरी येणार.

मी धावतपळत घरी आले आणि अंगणातूनच ओरडले, "वन्सं, ससुलीनं घरटं केलं!"

आत वन्सं जमिनीवर पडली होती. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, हातपाय ताडताड उडत होते. शेजारच्या बाया तिला धरून होत्या. कुणी कांदा नाकाशी नेत होतं, कुणी अंगारा लावत होतं. आत्याबाई वळल्या.

"कवा? कवा केलं घर त्यानं?"

"आत्ता सकाळी बघितलं," मी म्हणाले. अजून मला कळलंच नव्हतं मी काय बोलते आहे ते.

"सकाळधरनंच हिचं डोकं फुटतंय. ऐकलंसा का गं सगळ्याजनी? तिकडं त्यानं घर केलं आन् हिकडं ह्यो घाला आला!"

मी ओरडले, दवाखान्यात न्या, अजून न्या. माझ्या नवऱ्यानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. आईपुढं त्याची जीभ कधीच चालली नाही. दिवेलागणीच्या आत वन्संला मुलगी झाली, एवढीशी, पण रडली. वन्संनं काही डोळे उघडले नाहीत. बाळ मांडीवर घेऊन सासरी जायचं होतं तिला. मांडीच उरली नाही.

सुतक फिटल्यावर मी मामंजींना हाताला धरून बंगल्यावर नेलं. म्हटलं, बघा तुमच्या डोळ्यांनी. घरटं रिकामं होतं. पिल्लू नाही, पिल्लाचा माग नाही. ससुलीनं स्वतःच ते विस्कटलं होतं आणि पेंढा चघळत बसली होती. सुतकात तिला पाला-पाणी घालायचा तो शेजारच्या बंगल्यातला खानसामा म्हणाला, सशांच्या माद्यांना असं होतं कधीकधी. पोटात काही नसतं, तरी घरटं करतात. म्हणजे ती कधी गाभण नव्हतीच. त्या आढ्याखाली गरवार बाई एकटीच होती, आणि तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

मामंजींनी पेंढा हातानं उलथापालथा करून बघितला, त्यात काही निघालं नाही. घरी आल्यावर मी आत्याबाईंपुढं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नव्हतं कसं? गिळली आसतील पिल्लं. आधी माजी लेक खाल्ली, मग पोरं खाल्ली." मामंजींनी मान खाली घातली. एक शब्द बोलले असते तर माझ्या कपाळीचा डाग पुसला असता. नाही बोलले. पुढच्या बाजाराला माझ्या नवऱ्यानं ससुली कामशेतात नेऊन कुणाला तरी देऊन टाकली. कुणाला, ते मी विचारलं नाही. त्या घरात कुणाला काही विचारावं असं मला त्यानंतर कित्येक वर्षं वाटलंच नाही.

घरट्यातले केस मात्र मी गोळा करून आणले होते. कुणाला न सांगता पोरीच्या दुपट्यात भरले. त्या उबेत ती जगली.

पोरीला मीच वाढवलं. तिच्या बापानं दुसरं लग्न केलं, तिकडून कुणी फिरकलं नाही. ती मला मामी म्हणायची, माझ्या कुशीत झोपायची, आणि आजीकडून गोष्ट ऐकायची ती हीच. मी शंभरदा सांगितलं, तुझी आई ससा आला म्हणून गेली नाही, पाय सुजले होते म्हणून गेली. ती ऐकायची, मान हलवायची आणि गाभण शेळी दिसली तरी वाट बदलायची.

दुसरी लढाई चालू होती, राकेल मिळायचं नाही, तेव्हा पोरगी सुदुंबऱ्याच्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला घरी आली. मामंजी तोवर गेले होते. आत्याबाईंना दिसत नव्हतं, पण कान तल्लख. घरातली मांजर जड पावलांनी चालते आहे, हे त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं. "त्या मांजरीला आधी भायेर काडा! एका आढ्याखाली दोगी?" पोरगीही भेदरून म्हणाली, "मामी, काड ना गं तिला. डोकं बी दुकतंय माजं सकाळपासनं."

मी मांजरीकडं पाहिलंसुद्धा नाही. खाली बसले, पोरीचं पाऊल मांडीवर घेतलं आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. जोडवी बोटात रुतली होती.

नवऱ्याला म्हटलं, "गाडी जुंपा." तो आईकडं बघायला लागला. मी म्हटलं, "तिकडं बघू नका. या घरानं एकदा सशाला गाडीतून नेलंय. आज पोरीला नेणार. जुंपता, की मीच जुंपू?" आवाज इतका चढला होता, की शेजारची माणसं दारात आली. त्यानं गाडी जुंपली. त्याच वाटेनं गेलो. या खेपेला गाडी दवाखान्याच्या दारात उभी राहिली.

डॉक्टरांनी तिची लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर तापवली, ती दह्यासारखी पांढरी झाली; हेच वाढलं की झटके येतात, म्हणाले. मीठ बंद केलं, अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवलं, सुया टोचल्या. मी खाटेखाली पथारी टाकून राहिले. तिथंच तिला मुलगा झाला. दोघं वाचली.

आम्ही घरी आलो तेव्हा मांजर कणगीमागं पिल्लं घेऊन पडली होती. कुणी तिला बाहेर काढलंच नव्हतं. मला वाटलं, आता तरी काही बोलावं लागणार नाही. आत्याबाईंनी बाळाच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली आणि म्हणाल्या, "आढं बदाललं म्हनून वाचली माजी पोर. मी तवापासनं वरडत व्हते."

पोरगी बाळाला सावरत माझ्याकडं बघून गोड हसली. "व्हय आजी. मामीनं त्येवढ्यासाठीच तर न्येलं मला."

ती जिवंत होती, बोलत होती. मी तिच्यापुढं बसले आणि जोडवी सैल झाली आहेत का, तेवढं फिरवून बघितलं.