मुलगा आत आहे

तलाठी चौकशीला आले तेव्हा मी घरातच होतो. मोरीत, आतून कडी लावून. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आईला माहीत आहे, पण त्यावर आम्ही दोघं कधी उघड बोललो नव्हतो. गेल्या महिन्यापर्यंत.

आईबाबा अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका चाळीत राहायचे. मी बायकोमुलांसह बदलापूरला. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं पत्रा कापणाऱ्या प्रेसवर काढली आणि त्या आवाजात त्यांचे कान गेले. डाव्या कानाला अगदी तोंड लावून बोललं तर थोडं कळायचं. आई उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्यासाठी पापड लाटायची. लाटता लाटता सांध्यांनी दगा दिला. बोटं अशी आत वळली की तिला साडीची पिन लावता येईना, पेला एका हाताने धरता येईना. मग बाबा तिचे हात झाले आणि ती बाबांचे कान. सकाळी दारात बसून बाबा तिची वेणी घालायचे. चाळीतल्या बायका हसायच्या. "काका, आमची पण घाला की एकदा!" बाबांना ऐकू जायचं नाही, पण हसणं दिसायचं. मग अंदाजानेच उत्तर द्यायचे, "लाइनीत बसा, साईं." व्यापाऱ्याकडे पापडांचे डबे पोचवता पोचवता हा सिंधी लोकांचा आदराचा 'साईं' त्यांच्या तोंडी बसला होता. आईलाही साईं, मलाही साईं, दुधवाल्यालाही साईं.

मी दर रविवारी जायचो. मटण न्यायचो, औषधं न्यायचो, महिन्याच्या सुरुवातीला घरखर्चाचे पैसे ठेवायचो. फार नव्हते, पण चुकवले नव्हते. मग आम्ही मोठा फ्लॅट घेतला. हप्ता वाढला. तेव्हा कंपनीतल्या एकाने मला सुचवलं, "तुझे आईवडील दोघेही अपंग ना? निराधार योजनेचा महिन्याचा पगार लागेल की. सरकार देतंय तर सोडतोस कशाला?"

बायको म्हणाली, "निराधार? आपण असताना?"

मी म्हणालो, "नुसतं नाव असतं गं ते."

दोघांची अपंगत्वाची प्रमाणपत्रं काढली. डॉक्टरांनी आईला मूठ वळायला सांगितली. तिने प्रयत्न केला आणि ओशाळून हसली, जणू घरी आलेल्या पाहुण्याच्या चहासाठी साखर नव्हती. मग तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एजंटाकडे गेलो. अर्ज भरताना त्याने विचारलं, "मुलगाबिलगा आहे का?"

"आहे एक."

"कमावता?"

मी अर्जाच्या कागदाकडे बघत राहिलो. तो म्हणाला, "हे बघा, कमावता मुलगा सांभाळतो म्हटलं की फाइल तिथेच झोपते. त्याचं उत्पन्न धरतात. सांभाळत नाही असं म्हाताऱ्यांनी सांगायचं, एखाद्या शेजाऱ्याने सही करायची. तलाठी घरी येऊन बघतात. तुम्ही कोण त्यांचे?"

"शेजारी," मी म्हणालो.

"पुण्य लागेल तुम्हाला," तो म्हणाला.

त्या रविवारी जेवण झाल्यावर मी आईला समजावलं. ती बराच वेळ पदराचं टोक चाचपत राहिली आणि म्हणाली, "तुझी ओढाताण होतेय ना? मग म्हणेन मी." बाबांना सांगायचं काम तिनेच घेतलं. मोठ्याने बोललं तर चाळीला ऐकू जाईल, म्हणून त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन हळू हळू सांगत होती. "साहेब येतील. विचारतील. म्हणायचं, मुलगा बघत नाही आम्हाला."

"कोण बघत नाही?" बाबा जोरात म्हणाले. "हा काय समोर बसलाय हाडूक चोखत!"

आईने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. मला हसू आलं. बाबाही हसले. तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा सांगितलं. शेवटी ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं भलं होत असेल तर म्हणतो, साईं." त्यांना काय कळलं होतं आणि काय नाही, ते मला आजही नक्की माहीत नाही.

तलाठी दुपारनंतर येणार असा निरोप होता. कागद नीट लावून द्यावेत म्हणून मी सकाळी गेलो, बाइक मुद्दाम मंदिराच्या बाजूला लांब लावून. पण ते सकाळीच आले. शेजारच्या काकांचा आवाज ऐकू आला, "या भाऊसाहेब, हीच खोली." पंच म्हणून सही करायला काकाच होते; शेजारी नव्यानेच राहायला आलेले, आईच्या शब्दावर तयार झालेले, मला त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. मी उठलो आणि मोरीत शिरलो. आईने मला जाताना पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

मोरीच्या पत्र्याच्या दारामागे मी पाण्याच्या पिंपाला टेकून उभा होतो. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. आईने बोटं दाखवली. तलाठ्यांनी विचारलं, "आजी, मुलगा आहे ना तुम्हाला? सांभाळतो का?"

"नाही हो," आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून विचारत नाही."

बाबांना अर्थातच यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. घरी साहेब आलेत, मुलगाही घरी आहे, आणि दोघांची ओळख करून द्यायला हवी, एवढंच त्यांच्या मनात आलं असणार. आमच्याकडे पाहुणा आला की घरातल्या माणसाने पुढे येऊन नमस्कार करायचा, हे त्यांनीच मला लहानपणी मानेला धरून शिकवलं होतं.

"मुलगा आलाय ना आज!" ते म्हणाले. "आत आहे, मोरीत. येईल आता."

मग बाबांनी मला हाक मारली. बहिऱ्या माणसाची हाक, स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसलेली, सगळ्या चाळीला ऐकू जाणारी. "अरे ए! बाहेर ये! साहेब आलेत!"

मी हललो नाही.

"भाऊसाहेब," आईचा आवाज आला, "तुम्ही मनावर घेऊ नका. त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. रोज असंच म्हणतात. मुलगा आलाय, मुलगा आलाय."

"अहो, चपला बघा ना त्याच्या दारात," बाबा म्हणाले. आईच्या चेहऱ्यावरून त्यांना एवढं तर कळलं असावं की कोणी आपल्यावर विश्वास ठेवत नाहीये.

"जुन्या आहेत त्याच्या," आई म्हणाली. "ह्यांनी ठेवून घेतल्यात. रोज पुसून दारात मांडतात."

आईला असं काही बोलायला मी शिकवलं नव्हतं. ते तिचं तिला तिथेच सुचलं. शेजारचे काका हळूच म्हणाले, "बिचारे." तलाठी म्हणाले, "असू द्या आजी. रडू नका. होईल तुमचं काम." ती रडत होती, हे मला त्यांच्या बोलण्यातूनच कळलं.

ते गेल्यावरही मी लगेच बाहेर आलो नाही. आलो तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. हाक मारली तर हा आला का नाही, एवढंच. मी चपला हातात घेऊन, चाळीच्या मागच्या गटाराच्या बाजूने निघून गेलो.

दोघांचेही अर्ज मंजूर झाले. पगार बँकेत जमा होऊ लागला आणि मी घरखर्चाचे पैसे द्यायचं बंद केलं. रविवारही बंद केले. आईला म्हणालो, काकांनी पाहिलं तर घोटाळा होईल, कोणी तक्रार केली तर वसुली लागेल, थोडे दिवस जाऊ देत. हे खोटं नव्हतं. पण रविवार मोकळा मिळाल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही खरंच. मुलांना घेऊन फिरायला जाता यायचं, दुपारी झोपता यायचं. थोडे दिवस म्हणता म्हणता वर्ष उलटलं.

आईला फोन करायचो. बाबांना फोनवर ऐकू यायचं नाही. म्हणजे आईसाठी मी निदान आवाजापुरता होतो, बाबांसाठी उरलोच नाही. हा साधा विचार मला त्या सबंध वर्षात सुचला नाही, की सुचून मी बाजूला सारला, ते आता मला सांगता येत नाही.

चाळीत मात्र, माझं येणं थांबलेलं सगळ्यांना दिसतच असल्याने, आईचं बोलणं घट्ट बसलं. पोरं बाबांना विचारायची, "आजोबा, मुलगा आला का?" ओठांवरून त्यांना प्रश्न कळायचा आणि ते गंभीरपणे उत्तर द्यायचे, "येईल, रविवारी येईल." पोरं हसायची. मोठी माणसं त्यांना रागवायची आणि बाबांकडे दयेने बघायची. पुढे पुढे ते कमी बोलू लागले. आईनेच मला हे फोनवर सांगितलं. एकदा वेणी घालता घालता त्यांनी तिला विचारलं, "त्या दिवशी तो आला होता ना गं? मी पाहिला होता ना?" काका ओट्यावर बसले होते. आई मानेने नाही म्हणाली. बाबांनी वेणी पुरी केली. त्यानंतर मात्र ते आज वार कोणता, दूध घेतलं का, दार लावलं का, हेही तिला पुन्हा पुन्हा विचारून घ्यायला लागले. स्वतःच्या डोळ्यांवरचा त्यांचा भरवसा उडाला होता.

बाबा वारले तेव्हा मी पोचलो, तर दारात काका उभे होते. सगळ्यांदेखत म्हणाले, "आता सवड झाली का? तुमची वाट बघून बघून वेडा झाला म्हातारा." मी मान खाली घातली. आई कोपऱ्यात बसली होती, तिचे केस सुटलेले होते. लोकांना वाटलं, मला पश्चात्ताप झालाय. मी फक्त हिशेब करत होतो की खरं सांगितलं तर आईचा पगार बंद होईल.

आता काही वर्षं ती एकटीच राहते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तिची बोटं मशीनवर सरळ टेकत नाहीत, मग चेहरा दाखवावा लागतो, दोनदा-तीनदा खेपा होतात. तिला रिक्षात घालून काका नेतात. केस ती आता शेजारणीकडून कापूनच घेते.

गेल्या महिन्यात मी तिला म्हणालो, "बदलापूरला चल. हप्ते संपलेत आता. पगाराची गरज नाही. कचेरीत लिहून देऊ, बंद करा म्हणून."

तिकडून नुसती खरखर आली. मला वाटलं, फोन हातातून निसटला.

"येईन," ती म्हणाली. "पण न्यायला येशील तेव्हा आधी काकांकडे जा. ते मोरीत कोण होतं ते सांग त्यांना. माझ्या तोंडून ह्यांना वेडं म्हणवलंस तू. मी म्हटलं ते मी निस्तरेन वर गेल्यावर. इथलं तू निस्तर. जाशील?"

मी म्हणालो, "बघतो."

"बघ," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अजून मी गेलेलो नाही. एक रविवार मुलाची परीक्षा होती, एक रविवार नुसताच गेला. इथे कोणाचं नाव न घालता लिहिल्याने काही फिटत नाही, हे मला कळतं. त्या चाळीत दिवसाउजेडी जाऊन, काकांच्या समोर उभं राहून, माझे वडील शेवटपर्यंत भानावर होते आणि त्या दिवशी त्या खोलीत तेच एकटे खरं बोलले, एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.